तोंडाळ नाण्याची ओवाळणी

एक होता राजा. होता म्हणजे काय, होताच. पण आपण आहोत हे लोकांना उठताबसता कळलं पाहिजे, असं त्याला वाटायचं. दर्पसेन त्याचं नाव. पाय पांघरुणात घ्या पाहू, आणि ऐका.

त्याची नगरी कणसपूर. तिथं कणसाई नावाची देवी होती. देऊळ एवढंसं, पण भाव मोठा. आणि त्या नगरीचं जे नाणं होतं ना, त्याच्या एका बाजूला होतं जोंधळ्याचं कणीस, दाण्यांनी गच्च भरलेलं. दुसऱ्या बाजूला कणसाईची इवली इवली पावलं. राजाचं नाव नाही, मुकुट नाही, मिशी नाही. लोक त्याला लाडानं 'कणशी' म्हणायचे. दर्पसेनाच्या आजा-पणजाला कोणी विचारलं, की महाराज, नाण्यावर तुम्ही का नाही? तर ते हसायचे. म्हणायचे, "अरे, राजे येतात नि जातात. भूक तेवढी रोज येते. म्हणून कणीस."

शहाणे होते हो म्हातारे.

मग एकदा काय झालं, दर्पसेन नुकता गादीवर बसलेला. हौसेनं एकटाच बाजारात गेला. छत्र नाही, चवऱ्या नाहीत. एक म्हातारी मेथी घेऊन बसली होती. ती खेकसली, "अरे, सरक की बाजूला! माझी जुडी तुडवशील!"

राजा म्हणाला, "म्हातारे, मला ओळखलं नाहीस?"

तिनं खालीवर पाहिलं. म्हणाली, "न ओळखायला काय झालं? नुसताच भाव विचारून जाणारा दिसतोस."

सगळा बाजार हसला. राजाचा चेहरा लाल झाला. अरे, हसून सोडून द्यावं की नाही? पण नाही. तो तरातरा कणसाईच्या देवळात गेला. वेळ कोणती? तर तिन्हीसांजेची. देवीपुढं त्यानं हातसुद्धा जोडले नाहीत. उलट बोट नाचवून म्हणाला, "लोक तुझं कणीस ओळखतात, मला नाही! उद्यापासून नाण्यावर माझं तोंड. जिथं नाणं तिथं मी. माझं नाणं म्हणजे मीच!"

तिन्हीसांजेला भलतंसलतं बोलू नये, किती वेळा सांगते तुम्हाला? वास्तू तथास्तु म्हणते. इथं तर प्रत्यक्ष देवी बसली होती. ती गालातल्या गालात हसली आणि हळूच म्हणाली, "बरं. तथास्तु."

कोणी ऐकलं नाही. पण आपण ऐकलं, बरं का.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. जुन्या कणशा सरकारात जमा करा! शिपाई घरोघर फिरले. एका आजीच्या बटव्यात लेकीच्या बारशाची एक कणशी होती, जपून ठेवलेली. ती नेली. एका तान्ह्या बाळाच्या करदोट्यात दृष्ट लागू नये म्हणून भोक पाडून ओवलेली एक कणशी होती. तीही कात्रीनं कापून नेली, बाळ रडत राहिलं. आणि शेवटी देवळात शिरले. कणसाईच्या गळ्यात कणशांची माळ होती. पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांनी नवस फेडून एकेक वाहिलेली. तीसुद्धा ओढून काढली. मला सांगा, देवीच्या गळ्याला हात घालताना त्यांचे हात कसे थरथरले नाहीत? मला तर बाई अजून सांगताना संताप येतो.

आता, नाणी जिथं पाडतात ना, त्या जागेला म्हणतात टांकसाळ. तिथं एक ठसेकार होता. म्हणजे लोखंडाच्या ठशावर उलटं चित्र कोरायचं, तो धातूच्या चकतीवर ठेवून वरून घण मारायचा, की चित्र सुलटं उमटतं. हा ठसेकार म्हणजे भिवाशेट. त्याची बायको आवडी. नेमधर्माची, व्रतवैकल्यांची, गोड बोलणारी. कोणाला उणंदुणं बोलली नाही कधी.

राजानं भिवाशेटला बोलावलं. "कणीस खरवडून टाक. पावलंही खरवड. दोन्ही बाजूंना माझं तोंड कोर."

भिवाशेट म्हणाला, "महाराज, तोंड कोरतो की. मुकुटाच्या मण्यासकट कोरतो. पण एका बाजूला कणीस राहू द्या. कणसावर पोलाद चालवायला हात होत नाही."

"हात होत नाही?" राजा गरजला. "मग हात हवा कशाला? घाला याला कोठडीत. पौर्णिमेला याचा अंगठा तोडा!"

अंगठा, बरं का! ठसेकाराचा अंगठा गेला, की उरलं काय? कोणाचं चोरलं नाही, कोणाला मारलं नाही. कणीस पुसलं नाही म्हणून!

आवडीला कळलं. पदर खोचून ती तडक तुरुंगाच्या दाराशी गेली. पहारेकरी म्हणाला, "कोणाला भेटायचंय? नाव सांग."

आता नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? तेव्हा घेत नसत. ती म्हणाली, "आमच्या घरातल्यांना."

"घरातल्यांना तर मीही भेटत नाही दोन महिने झाले. नाव सांग, नाहीतर हो बाजूला."

मग आवडीनं डोळे पुसले, मान वर केली आणि नाव घेतलं,

"ऐरणीवर हातोडी, हातोडीला नेट,
कणसासाठी कोठडीत बसले भिवाशेट."

पहारेकऱ्याची मिशी थरथरली. हसला की रडला, कोण जाणे. दार किलकिलं करून तो म्हणाला, "जा माई. लवकर ये."

भिवाशेट तिला म्हणाला, "राजापुढं रडू नकोस. तुझ्या कणसाईला सांग."

आवडी म्हणाली, "सांगेन. आणि चांगलं खडसावून सांगेन. एवढे उपास केले ते काय याचसाठी?" बघा, गरीब गाय म्हणावी अशी बाई, पण देवीवरही रागावली. आपल्या माणसावरच रागवायचं असतं ना.

इकडं दुसऱ्याच कोणीतरी ठसा कोरला. नवी नाणी निघाली. या बाजूला राजाचं तोंड, त्या बाजूलाही राजाचंच तोंड. लोकांनी नाव काय ठेवलं माहितीये? 'तोंडाळ'! "दोन तोंडाळ दे, नि शेरभर डाळ ने."

आणि मग देवीच्या तथास्तुचं फळ दिसायला लागलं.

पहिल्यांदा काय झालं? एक वाणी होता. त्याला नव्या नाण्याचा भरवसा वाटेना. त्यानं आपलं दाताखाली धरून पाहिलं, कचकन! तिकडं राजा जेवत होता. तो किंचाळला, "कान! माझा कान चावला!" मागं पाहतो तर कोणी नाही. कानावर मात्र दोन दात उमटलेले. लगेच दवंडी पिटली, नाणं कोणी चावू नये!

दुसऱ्यांदा काय झालं? पोरं विटीदांडू खेळायला जमली. डाव कोणाचा, म्हणून नाणं उडवलं. एक म्हणाला, "तोंड!" दुसराही म्हणाला, "तोंड!" पडलं तोंडच. दोघंही म्हणतात, मी जिंकलो! पुन्हा उडवलं. पुन्हा तोंडच. पुन्हा उडवलं. तिकडं भर दरबारात राजा सिंहासनावरून वर उडाला, हवेत कोलांट्या खाल्ल्या, आणि धप्पकन खाली. परत वर! परत धप्प! मुकुट एकीकडं, जोडे एकीकडं. राजवैद्य म्हणाले, "वात झालाय."

प्रधान म्हातारा होता. तो कानाशी येऊन म्हणाला, "महाराज, वात नव्हे. आपणच म्हणाला होतात ना, माझं नाणं म्हणजे मीच? नाण्याचं होतं ते आपल्याला होतंय. तोंड काढून टाकावं, हे बरं."

शहाणा असता तर ऐकता. पण गर्व मेला ऐकू देतो होय? दर्पसेन म्हणाला, "काढू? मुळीच नाही. उडवायची बंदी करा. नुसती बंदी नाही, उद्या चतुर्दशीला घरोघर माझ्या नाण्याची पूजा झाली पाहिजे. यथासांग! काही कमी पडलं तर खबरदार!"

दवंडी ऐकून आळीतल्या बायकांच्या अंगाचा भडका उडाला. आवडीच्या शेजारी बयजाकाकू राहायच्या, जिभेच्या मोठ्या तिखट. त्या म्हणाल्या, "आमच्या देवीचा गळा बोडका केला, नि आता याच्या मुस्काटाला फुलं वाहा! पण थांबा गं. आज्ञा पूजेची आहे ना? यथासांग म्हणालाय ना? मग होऊ दे यथासांग. कणभर कमी ठेवायचं नाही."

झालं. तिसऱ्यांदा काय झालं, ते नीट ऐका. झोपलात की काय? झोपू नका, हीच तर गंमत आहे.

चतुर्दशीला सकाळी घरोघर तोंडाळ नाणी ताम्हनात बसली. राजा सिंहासनावर. आधी स्नान. सगळ्या नगरीच्या पळ्यांचं गार पाणी राजाच्या डोक्यावर! मग दूध. मग दही. मग तूप, मध, साखर. दाढीतून मध ओघळतोय, माश्या घोंगावतायत, मुंग्यांनी पायरीशी रांग धरलीय. मग गंध. मग अक्षता आल्या, गारा पडाव्यात तशा. उदबत्त्यांच्या धुरानं राजा शिंकून शिंकून बेजार. पण करणार काय? आज्ञा त्याचीच!

आणि आवडी? तिच्या घरी एकच तोंडाळ आलं होतं, दळणकांडण करून मिळवलेलं. तिनं मनोभावे पूजा मांडली. तिला फसवाफसवी ठाऊकच नव्हती. हळद वाहिली. कुंकवाचं बोट उचललं आणि एकदम थबकली. "अगंबाई काकू! हा तर परपुरुष! याच्या कपाळी कुंकू कसं लावू?"

बयजाकाकू हसून म्हणाल्या, "अगं, भाऊबिजेला भावाच्या कपाळी लावतातच की."

"मला कुठं भाऊ आहे?"

"मग आज मिळाला म्हण. मेला कसला का असेना."

आवडीला ते पटलं. तिनं भिंतीशी पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी काढली. नाण्याला पाटावर बसवलं. कुंकवाचा टिळा लावला, वर तांदूळ लावले, निरांजनानं ओवाळलं. ओवाळता ओवाळता तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "दादा, औक्षवंत व्हा. पण एक विचारू? भाऊ असून बहिणीच्या घरावर असा घाला घातलात? कणसानं तुमचं काय वाकडं केलं? तुम्हीही त्याचीच भाकरी खाता ना? उद्या पौर्णिमा. उद्या माझ्या घरातल्यांचा अंगठा तोडाल. घाला, दादा. आधी माझी ओवाळणी घाला."

आणि ती ताट घेऊन समोर बसून राहिली. ओवाळणी घातल्याशिवाय भावानं पाटावरून उठायचं नसतं. रीतच आहे तशी.

जिथं नाणं तिथं राजा. तेव्हा त्याला महालात सगळं ऐकू आलं, अगदी कानाशी. तो दचकला. मध धुवायला म्हणून उठू लागला, तर उठवेना! सिंहासनाला चिकटला. दोन पहिलवानांनी ओढलं. चौघांनी ओढलं. सिंहासन उचललं गेलं, पण राजा काही सुटेना.

"कोण आहे ती बाई?" राजा ओरडला. "दादा म्हणते मला! ओवाळणी मागते!"

प्रधान म्हणाला, "ठसेकाराची बायको असणार. पालखी पाठवतो."

पालखी रिकामीच परत आली. आवडी चालत आली, हातात ताट, ताटात निरांजन. आणि पाट? तो नाण्यासकट बयजाकाकूंनी आणला, जराही हलू न देता, काठोकाठ भरलेलं दूध न्यावं अशा बेतानं.

राजा म्हणाला, "बाई, काय हवं ते घे, पण मला उठव." त्यानं मोत्यांची कंठी ताटात टाकली आणि उठू लागला. उठवेना. मग म्हणाला, "एक गाव इनाम दिलं!" उठवेना. मग नाण्यांनी भरलेली घागर मागवली आणि ताटात ओतली, खळखळखळ! त्या खळखळाटात राजाचंच डोकं गरगरलं. तरी उठवेना.

आवडी म्हणाली, "दादा, ही तर तुमचीच तोंडं. एवढी तोंडं घेऊन मी काय करू? मला माझं माणूस हवं. दोन्ही अंगठ्यांसकट."

राजा गुरगुरला, "त्यानं माझी आज्ञा मोडली!"

तेव्हा आवडी उभी राहिली. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई ती. पण दरबारचे खांब दणाणले. "मोडली! मोडलीच पाहिजे होती! आजीच्या बटव्यातली नेली, तान्ह्याच्या कमरेची नेली, देवीच्या गळ्यातली नेली! अहो, राज्य करायला तोंड लागत नाही, हात लागतात. आणि तुम्ही निघालात हातच तोडायला!"

 इतक्यात बाहेरून वाजंत्री ऐकू आली. ढुमढुम, ढुमढुम.

राजानं विचारलं, "हे काय?"

प्रधान खाली मान घालून म्हणाला, "महाराज, पूजा यथासांग करा म्हणाला होतात. यथासांग म्हणजे शेवटी विसर्जन आलं. बायका नदीवर निघाल्यात."

"कशाचं विसर्जन?"

"आपलंच, महाराज. डोहात."

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. सगळा गर्व मधाबरोबर ओघळून गेला. तो पुटपुटला, "आणा भिवाशेटला." मग आवडीकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी म्हणाला, "ताई, घातली ओवाळणी."

ताई म्हणाला मात्र, सिंहासन सुटलं. भिवाशेट दारातून आत आला, अंगठे धडधाकट. आवडीनं एकदा या हाताचा पाहिला, एकदा त्या हाताचा पाहिला, आणि मगच ताट खाली ठेवलं.

राजा पळाला. अनवाणी, दह्यानं माखलेला, कपाळावर कुंकू. वाटेत बायकांना हात जोडतोय, "थांबा! बुडवू नका!" बयजाकाकू पाट घेऊन मागं धावत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काही कमी पडलं तर खबरदार, असं कोण म्हणालं होतं बाई?"

तेव्हा आवडीच म्हणाली, "जाऊ दे हो काकू. आता भाऊ आहे तो माझा."

मग सगळे मिळून कणसाईच्या देवळात गेले. वेळ तीच, तिन्हीसांजेची. राजा देवीच्या पायाशी बसला. म्हणाला, "आई, शब्द मागं घेतो. नाण्यात मी नाही. मी इथं आहे, तुझ्या पायाशी. नाण्यावर कणीसच शोभतं."

देवी म्हणाली, "तथास्तु." या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तोंडाळ नाणी वितळवायला भट्टीत घातली. राजा दाढी घट्ट धरून उभा होता, आता भाजतंय की मग भाजतंय! पण काही झालं नाही. नुसता घाम आला. भिवाशेटनं पुन्हा कणीस कोरलं, पुन्हा पावलं कोरली. मग त्यानं भीत भीत विचारलं, "महाराज, कोपऱ्यात मुंगीएवढे तुम्ही असू द्या का?"

"नको रे बाबा!" राजा म्हणाला. "मुंगीएवढाही नको. मुंग्यांचं तर नावच काढू नकोस."

सरकारी कोठारात पडून असलेली आजीची कणशी बटव्यात परत गेली. बाळाची करदोट्यात गेली. देवीची माळ राजानं स्वतःच्या हातानं घातली. आणि दर भाऊबिजेला तो ठसेकाराच्या घरी पाटावर बसू लागला. पहिल्या वर्षी बायका म्हणाल्या, "आवडे, नाव घे." आवडीनं नाव घेतलं,

"पाटावर भाऊ, ताटात ओवाळणी, देवीची झाली भेट,
दोन्ही अंगठ्यांसकट घरी आले भिवाशेट."

मग एक दिवस राजा पुन्हा बाजारात गेला, एकटाच. मेथीवाली म्हातारी तिथंच होती. तिनं खालीवर पाहिलं. "काय रे, नवा दिसतोस गावात?"

"हो आजी," राजा म्हणाला. "नवाच आहे." त्यानं कणशी दिली, मेथीची जुडी घेतली, आणि मुकाट्यानं बाजूला सरकला.

कणसाईनं आवडीला तिचं माणूस दिलं, बाळाला त्याची कणशी दिली, गर्विष्ठाला शहाणपण दिलं. तशी ती सगळ्यांना पोटभर भाकरी देवो. आता हात जोडा, डोळे मिटा. कोणाच्या तोंडातून आता शब्द नको. नाहीतर उद्या हाक मारीन, "ए तोंडाळ, ऊठ!"